‘रिव्ह्यू एसओएस’: ऑपरेशननंतरच्या त्रासाचा पाठपुरावा कसा करायचा, जाब कुठे मागायचा

आत्याच्या डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत दोनच शब्द होते: ‘रिव्ह्यू एसओएस’. म्हणजे गरज वाटली तर दाखवायला या. मूतखड्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, तिसऱ्या दिवशी ती घरी आली आणि पंधरा दिवसांत भाकऱ्या थापायला लागली. मग हळूहळू कंबर धरायला लागली, लघवीला सारखं जावं लागायचं, कधी लघवी लालसर व्हायची. घरात सगळ्यांचं पालुपद एकच, ‘पाणी कमी पितेस तू.’ पाचव्या महिन्यात गावातल्या डॉक्टरांनी पोटाचा एक्स-रे काढला. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत गेलेली, दोन्ही टोकांना वेटोळं घातलेली एक बारीक नळी त्यात स्वच्छ दिसत होती. डीजे स्टेंट. लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून ही नळी तात्पुरती ठेवतात आणि साधारण दोन ते सहा आठवड्यांत काढून टाकतात. तीन महिन्यांपलीकडे राहिली तर तिच्यावर क्षारांचे थर चढण्याचा धोका वाढत जातो. आत्याच्या नळीवर थर चढलेले होते.

हॉस्पिटलला फोन केला. उत्तर आलं, ‘आम्ही सांगितलं होतं की.’ कोणाला सांगितलं, कधी सांगितलं, याची कुठेही नोंद नाही. आपल्या पोटात काही ठेवलंय हेच जिला माहीत नाही, तिला ‘गरज’ वाटणार कशी?

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे कागद, तारीख आणि पोच या तीन गोष्टींशी जन्माचं नातं. आत्याच्या फाइलीच्या निमित्ताने जे शिकलो, आणि नंतर नात्यातल्या, सोसायटीतल्या पाच-सहा जणांच्या फायली चाळताना जे कळलं, ते इथे क्रमाने मांडतो.

आधी एक मोठी गोष्ट

आत्यासारखे प्रकार एखाद्या हॉस्पिटलच्या गलथानपणाने होतात असं मला आधी वाटायचं. मग एएसआर खुब्याचं प्रकरण वाचलं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा हा कृत्रिम खुबा. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरायचं आणि अनेकांना ऑपरेशन पुन्हा करावं लागायचं. ऑस्ट्रेलियात सांधेबदलाच्या प्रत्येक ऑपरेशनची राष्ट्रीय नोंदवही ठेवतात. हा खुबा इतरांपेक्षा जास्त वेळा काढावा लागतोय हे त्या वहीतून दिसलं. २००९ च्या अखेरीस तिथल्या बाजारातून तो हटला, ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतला.

भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांत बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लवकर लावून धरलं, पण केंद्राची तज्ज्ञ समिती नेमली गेली २०१७ मध्ये. तोवर त्यातल्या जेमतेम हजार-अकराशे रुग्णांचा माग लागला होता. बाकीचे कुठे आहेत, कसे आहेत, हे ना कंपनीला सांगता आलं, ना हॉस्पिटलांना. २०१८ मध्ये भरपाईचं सूत्र ठरलं, तीस लाखांपासून एक कोटी तेवीस लाखांपर्यंत. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये प्रत्येकी २५ लाख देण्याची गोष्ट आली तेव्हा पडताळणी पूर्ण झालेले रुग्ण होते ६७. पडताळणी म्हणजे काय, तर अमुक तारखेला, अमुक हॉस्पिटलात, अमुक क्रमांकाचा खुबा माझ्याच शरीरात बसवला, याचा कागद.

आपल्याकडे ऑपरेशननंतर रुग्णाचा माग ठेवायचं काम व्यवस्थेने रुग्णावरच सोडून दिलं आहे. हे चूक आहे, पण आज वस्तुस्थिती तीच आहे. म्हणून खालची सगळी खटपट.

ऑपरेशनच्या आधी: सहीपूर्वीची दहा मिनिटं

संमतीपत्र बहुतेक वेळा आदल्या रात्री, सिस्टरच्या हातून, तीन ठिकाणी फुलीची खूण करून येतं. त्यावर सही करण्याआधी सर्जनला प्रत्यक्ष भेटून चार प्रश्न विचारा. नेमकं काय काढणार किंवा बसवणार? शरीरात काही ठेवणार असाल तर ते कायमचं की तात्पुरतं, आणि तात्पुरतं असेल तर कधी काढायचं? या ऑपरेशननंतर सर्वांत जास्त आढळणारा त्रास कोणता? आणि तो झाला तर रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा?

उत्तरं वहीत लिहा, डॉक्टरांसमोरच लिहा. चिडणारे डॉक्टर भेटतात, पण मला तरी चिडणाऱ्यांपेक्षा ‘बरं झालं विचारलंत’ म्हणणारे जास्त भेटले.

संमतीपत्राचे रकाने कोरे असतील तर भरून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा. समीरा कोहली खटल्यात (२००८) सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं आहे की तपासणीसाठी दिलेली संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही. त्या प्रकरणात दुर्बिणीने तपासणीसाठी नेलेल्या महिलेचं गर्भाशय आणि अंडाशयं काढली होती. तिच्या आईची संमती घेतली होती, तिची स्वतःची नाही. जीव वाचवायला तातडीने करावं लागलं तर गोष्ट वेगळी.

गर्भाशयाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. अनेकींची अगदी तरुण वयात. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही गेली तर पाळी कायमची थांबते, अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात. त्यासाठी वर्षानुवर्षं तपासणी लागते. कारखान्याच्या फडावर ती कोण करणार? तुमच्या घरात असं ऑपरेशन ठरत असेल तर ‘अंडाशयं ठेवणार की काढणार’ हा प्रश्न चुकवू नका, आणि उत्तर संमतीपत्रावर लिहून घ्या.

सुट्टीच्या दिवशी: सगळ्यांत महत्त्वाचा तास

हॉस्पिटलमधून सुट्टी मिळते त्या दिवशी घरचे सगळे बिलाच्या खिडकीपाशी अडकलेले असतात. मेडिक्लेमची मंजुरी यायची असते, वॉर्डबॉय चहापाण्याचे मागत असतो, रिक्षा बाहेर उभी असते. त्या गडबडीत कोणीतरी हातात फाइल देतं. म्हणून घरातल्या एकाला फक्त फाइलीसाठी मोकळा ठेवा. त्याने खाटेवर बसून कार्ड वाचायचं.

कार्डावर ऑपरेशनचं पूर्ण नाव हवं. ‘सर्जरी डन’ एवढं पुरत नाही. उजवी बाजू की डावी, हे हवं. पुढच्या भेटीची तारीख हवी, ‘एसओएस’ नको. ‘गरज म्हणजे नेमकं काय झालं तर यायचं, ते इथे लिहा ना’ असं आरएमओला, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटीवरच्या डॉक्टरला सांगायचं, सौम्यपणे पण खाटेवरून न उठता. तुकडा तपासणीला पाठवला असेल तर रिपोर्ट कधी आणि कोणाकडून मिळेल तेही लिहून घ्या. ‘बायॉप्सी रिपोर्ट अवेटेड’ असं लिहिलेलं कार्ड कपाटात ठेवून देणारी कुटुंबं मी पाहिली आहेत.

आणि स्टिकर. खुबा, गुडघा, हृदयातला स्टेंट, डोळ्यातली लेन्स, हर्नियाची जाळी, हाडातली प्लेट, यातलं काहीही बसवलं तर त्याच्या खोक्यावर चिकटपट्टीची छोटी लेबलं असतात. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, लॉट किंवा सिरीयल क्रमांक, मुदत हे सगळं छापलेलं असतं. एक लेबल केसपेपरवर लावतात. दुसरं तुमच्या कार्डावर लावून मागा. शिल्लक नसेल तर केसपेपरवरच्या लेबलचा फोटो घ्या. एएसआरच्या रुग्णांकडे हा दोन इंची कागद असता तर पडताळणीची अर्धी पायपीट वाचली असती.

तात्पुरतं काही आत असेल, म्हणजे डीजे स्टेंट, ड्रेनची नळी, हाडाबाहेरचे पिन, तर ते काढायची तारीख घरातल्या दोन मोबाइलवर गजर लावून ठेवा. भिंतीवरच्या कालनिर्णयवरही लाल पेनाने गोल करा. आत्याच्या बाबतीत एवढं केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

पहिले तीस दिवस, आणि नंतरचे साठ

टाके आठ-दहा-चौदा दिवसांत निघतात आणि हॉस्पिटलच्या लेखी प्रकरण संपतं. ऑपरेशनच्या जागेच्या संसर्गाची मोजणी मात्र जगभर तीस दिवसांपर्यंत करतात, आणि आत जाळी, सांधा, प्लेट बसवली असेल तर नव्वद दिवसांपर्यंत. म्हणजे टाके निघाल्यावरही जखमेवर लक्ष हवंच.

रोज एक ओळ लिहा: ताप किती, दुखणं दहापैकी किती, लघवी-शौच, जखमेतून काही आलं का, कोणती गोळी घेतली. दर दोन दिवसांनी जखमेचा फोटो, दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून. हा फोटो सर्जनला व्हॉट्सअॅपवर पाठवलात तर त्यांनाही निर्णय घ्यायला सोपं जातं आणि तारखेसह नोंदही होते.

काही लक्षणांत वहीबिही बाजूला ठेवून थेट कॅज्युअल्टी गाठायची. थंडी वाजून ताप. पोट फुगून गॅस-शौच बंद. लघवी तुंबणं. एका पोटरीला सूज आणि दुखणं, कारण तिथे रक्ताची गुठळी असू शकते. अचानक धाप लागणं किंवा छातीत कळ, कारण तीच गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. जखमेचे टाके उसवून आतलं बाहेर येणं. अशा वेळी ‘सोमवारी ओपीडीत दाखवा’ हे उत्तर फोनवर ऐकून गप्प बसू नका. ते डॉक्टर भेटत नसतील तर जवळच्या दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात जा.

एक त्रास मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण त्यात लोक महिनोन्महिने फिरतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनची भोकं छान भरून येतात. मग तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, त्याच जागी बारीक गाठ येते, ती फुटते, पाणचट पू येतो, बरी होते, शेजारी दुसरी येते. ताप नसतो. डॉक्टर अँटिबायोटिक देतात, आठ दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. दुसरे डॉक्टर दुसरं अँटिबायोटिक देतात. यामागे क्षयाच्या जंतूंच्या कुळातले, पण क्षय न करणारे जंतू असू शकतात. ते पाण्यात राहतात आणि दुर्बिणीची हत्यारं नीट निर्जंतुक न केल्यास, किंवा निर्जंतुक करून साध्या पाण्याने धुतल्यास, जखमेत पोचतात. नेहमीच्या गोळ्यांना ते दाद देत नाहीत, नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, सापडतीलच असंही नाही. म्हणून असा क्रम दिसला तर याच कुळातले जंतू शोधणाऱ्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, ‘पू किंवा तुकडा एएफबी स्मिअर आणि मायकोबॅक्टेरियल कल्चरला पाठवायचा का?’ हा एक प्रश्न चार महिने वाचवू शकतो. आणि रिपोर्ट तसा आला तर तो ऑपरेशन करणाऱ्या हॉस्पिटलला लेखी कळवा, कारण त्याच हत्यारांनी त्या आठवड्यात इतरांचीही ऑपरेशनं झालेली असतात.

त्रास झाला म्हणजे चूक झाली, असं नाही

हे रुग्णांच्या बाजूने लिहिणाऱ्याने स्पष्ट बोललं पाहिजे. जांघेतल्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर साधारण दहा-बारा टक्के लोकांना तीन महिन्यांपलीकडेही दुखत राहतं. उत्तम हातांनी केलेल्या ऑपरेशनमध्येही हे घडतं. कोर्ट डॉक्टरकडून परिपूर्णता मागत नाही, त्या विषयातल्या साधारण कुशल डॉक्टरइतकी काळजी मागतं.

म्हणून माझ्या वहीत मी दोन वेगळे प्रश्न लिहितो. त्रास का झाला? आणि त्रास सांगितल्यावर त्यांनी काय केलं? पहिल्याचं उत्तर तज्ज्ञच देऊ शकतो. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या कागदांत असतं: किती वेळा गेलात, काय सांगितलंत, तपासलं की नुसतीच गोळी बदलली, ‘वयोमानाने होतंय’ म्हणून किती वेळा परत पाठवलं. खूपशा प्रकरणांत खरी हलगर्जी तिथेच सापडते.

आधी त्याच सर्जनकडे, पण तयारीने

भांडायला जाऊ नका. एका पानावर तारखांसह त्रासाचा क्रम लिहा, दोन प्रती काढा, एक त्यांच्या हातात द्या. म्हणा, ‘डॉक्टर, हे वाचून कारण काय असेल आणि पुढे काय करायचं ते केसपेपरवर लिहून द्या.’ तोंडी धीर नको, लेखी योजना हवी. बरोबर एक शांत डोक्याचा नातेवाईक न्या. गावाकडचा तापट भाचा घरी ठेवा. महाराष्ट्रात हॉस्पिटलवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. एक काच फुटली तरी तुमची तक्रार बाजूला पडते आणि तुम्हीच आरोपी होता.

दुसरं मत घेताना सुरुवात ‘त्यांनी वाट लावली हो’ने करू नका. तसं ऐकलं की दुसरा डॉक्टर आखडतो, कारण त्याला साक्षीला जायचं नसतं. फक्त विचारा, ‘आता काय आहे आणि काय करायला हवं?’ त्याने आत्ताची स्थिती स्वच्छ लिहिली तर पुरे. आत्याच्या दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘डावीकडील स्टेंट पाच महिने आत, क्षार चढलेले.’ यापेक्षा जास्त काही लागलंच नाही.

कागदपत्रं मागवणं

डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हे. खरी गोष्ट ओटी नोट्स (ऑपरेशनच्या नोंदी), भुलेचा तक्ता आणि सिस्टरच्या रोजच्या नोंदींत असते. रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात, असं वैद्यक व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ चे विनियम सांगतात. (२०२३ मध्ये नवे विनियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे जुनेच चालू आहेत.) मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा प्रकरणात रुग्णाचा हा हक्क मान्य केला आहे. मात्र नोंदी जपून ठेवायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांचंच आहे. म्हणून त्रास रेंगाळतोय असं वाटताच अर्ज टाका, भांडण असो वा नसो. मजकूर असा चालतो:

*प्रति, वैद्यकीय अधीक्षक, (रुग्णालयाचं नाव व पत्ता).*

*विषय: उपचारांच्या संपूर्ण कागदपत्रांच्या प्रती मिळण्याबाबत.*

*महोदय, मी दि. … ते दि. … या काळात आपल्या रुग्णालयात आंतररुग्ण म्हणून दाखल होते. आयपीडी क्र. …. माझ्या केसपेपरच्या संपूर्ण प्रती मिळाव्यात. त्यात दाखल करतानाच्या नोंदी, संमतीपत्रे, भूल व शस्त्रक्रियेच्या नोंदी, इम्प्लांटची लेबले, परिचारिकांच्या नोंदी, औषधांचा तक्ता, सर्व तपासण्या व तपशीलवार बिल यांचा समावेश असावा. २००२ च्या विनियमांतील कलम १.३.२ नुसार या प्रती ७२ तासांत देणे अपेक्षित आहे. झेरॉक्सचा खर्च देण्यास मी तयार आहे.*

खाली रुग्णाची सही. रुग्ण जाऊ शकत नसेल तर त्याचं अधिकारपत्र जोडा. आवक खिडकीवर शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ झालं तर सरळ पोस्टात जा आणि पोचपावतीसह पाठवा, शिवाय ई-मेल करा. सरकारी किंवा पालिकेचं हॉस्पिटल असेल तर माहिती अधिकाराचा रस्ताही आहे: दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून अर्ज, उत्तर तीस दिवसांत.

प्रती मिळाल्या की पानांवर क्रमांक टाका. पान गाळलेलं, शाई बदललेली, वेळ खाडाखोड केलेली दिसली तर त्यावर स्वतः काही लिहू नका, वेगळ्या कागदावर टिपा.

वस्तूत किंवा औषधात दोष वाटला तर

इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवलेली वस्तू, तुटलं, सरकलं, त्याची प्रतिक्रिया आली, तर गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे नोंद करता येते. वैद्यकीय उपकरणांसाठी मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ पासून आहे, औषधांसाठी फार्माकोव्हिजिलन्स २०१० पासून. हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी. रुग्ण स्वतः कळवू शकतो, डॉक्टरची सही लागत नाही. यातून भरपाई मिळत नाही, पण ऑस्ट्रेलियातल्या त्या नोंदवहीचं आपल्याकडचं सर्वांत जवळचं रूप हेच.

तक्रार कुठे

प्रत्येक दाराचं काम वेगळं आहे. चुकीच्या दारावर वर्ष घालवू नका.

हॉस्पिटल कागद देत नाही, दरपत्रक लावत नाही, तक्रार घेत नाही, अशा गोष्टींसाठी नर्सिंग होमची नोंदणी करणारं कार्यालय: महापालिका हद्दीत पालिकेचा आरोग्य विभाग, बाहेर जिल्हा शल्य चिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. २०२१ मध्ये सुधारलेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नियमांत रुग्ण हक्क सनद लावणं बंधनकारक झालं आणि तक्रार निवारणाची सोयही आली. आमचं ७२ तासांचं पत्र दोन आठवडे पडून होतं, पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला प्रत गेल्यावर तिसऱ्या दिवशी गठ्ठा तयार होता.

डॉक्टरच्या वागणुकीवर आणि परवान्यावर कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिल. डॉक्टर बीएएमएस असतील तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, म्हणून लेटरहेडवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक आधी बघा. सहा महिन्यांत निर्णय द्यावा असा नियम आहे, प्रत्यक्षात तो किती लांबतो याची कल्पना ठेवा. कौन्सिल पैसे देववत नाही. आणखी एक बोचणारी गोष्ट: राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यात कलम ३० मध्ये अपिलाचा उल्लेख डॉक्टरापुरता आहे, रुग्णाचा नाही. हा कायदा कोणाच्या टेबलावर बसून लिहिला असेल असा प्रश्न पडतो.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, आणि विमा कंपनीने पैसे भरले तरीही येते. उपचारासाठी मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार ऑनलाइन, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर करता येते, सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. वकील सक्तीचा नाही, पण वैद्यकीय प्रकरणात मी तरी वकिलाशिवाय जाणार नाही. कोणत्या डॉक्टरची चूक हे रुग्णाला सांगता आलं नाही तरी हॉस्पिटलविरुद्ध तक्रार चालते, असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये म्हटलं आहे. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे २०१० मध्ये. पोटात बोळा राहिला तर त्याला तज्ज्ञ कशाला?

पण मुदत दोन वर्षांची. त्याच २०१० सालचा एक निकाल प्रत्येकाने लक्षात ठेवावा. गोव्याच्या सरकारी सेवेतली एक परिचारिका. १९९३ मध्ये मुंबईत तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पोट दुखत राहिलं, ती वेदनाशामक गोळ्या घेत राहिली. २००२ मध्ये स्कॅन झाला आणि पुन्हा ऑपरेशन करून पोटातून कापड काढलं. २००४ मध्ये तक्रार केली. सुप्रीम कोर्टाने ती मुदतबाह्य ठरवली: नऊ वर्षं दुखत असताना, स्वतः परिचारिका असून, तिने त्या सर्जनकडे जाऊन विचारलं का नाही? मला हा निकाल कठोर वाटतो. कठोर वाटो की न वाटो, तो आहे. ‘दुखतंय पण बघू’ या वाक्याची किंमत एवढी मोठी असू शकते. म्हणून दुखणं रेंगाळलं की तारखेसह लेखी कळवा.

पोलिसांकडे जाणं हा शेवटचा मार्ग. जेकब मॅथ्यू निकालापासून (२००५) डॉक्टरवर फौजदारी करायला घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. रुग्ण दगावला असेल आणि संशय असेल तर मात्र शवविच्छेदनाचा आग्रह त्याच दिवशी धरा. नंतर काहीच सिद्ध होत नाही.

सरकारी दवाखाना आणि योजना

सर्वांना संपूर्ण मोफत उपचार देणारं हॉस्पिटल ग्राहक कायद्याबाहेर राहतं. तिथे अधीक्षक, मग आरोग्य उपसंचालक, राज्य मानवी हक्क आयोग, आणि भरपाईसाठी दिवाणी कोर्ट किंवा उच्च न्यायालय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन झालं असेल तर सुट्टीनंतरचे काही दिवस तपासणी-औषधं पॅकेजमध्येच असतात आणि काही आजारांना पाठपुराव्याची स्वतंत्र पॅकेजंही आहेत. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला विचारा, दाद न लागल्यास हेल्पलाइन १५५३८८. मेडिक्लेमवाल्यांनी पॉलिसीत ‘पोस्ट हॉस्पिटलायझेशन’ शोधावं. बहुधा साठ ते नव्वद दिवसांची बिलं मिळतात आणि लोक ती टाकतच नाहीत.

सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात नसबंदी झाली असेल तर कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजना आहे. ऑपरेशन फसून दिवस राहिले तर साठ हजार, गुंतागुंत झाली तर सुट्टीनंतर साठ दिवसांपर्यंतचा खर्च पन्नास हजारांपर्यंत. नव्वद दिवसांत दावा करा. गावोगावी बायका ‘माझंच नशीब’ म्हणून गप्प बसतात, त्यांना आशाताईंनी हे सांगायला हवं.

आत्याचं काय झालं

आम्ही आयोगात गेलो नाही. तिचीच इच्छा नव्हती. ‘त्या पोराने खडा तर नीट काढला ना,’ म्हणाली. नोटीस मात्र पाठवली. उत्तर आलं की रुग्णाला तोंडी सूचना दिल्या होत्या. दुसऱ्या पत्रात आम्ही विचारलं: कोणी, कोणत्या तारखेला, आणि स्टेंट टाकल्याचा उल्लेख ओटी नोट्समध्ये आहे तर डिस्चार्ज कार्डावर का नाही? त्यानंतर त्यांनी दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च भरून दिला. चूक कबूल केल्याचं कुठे लिहिलं नाही.

क्षार फोडून जुनी नळी काढताना दुसऱ्या डॉक्टरांना पंधरा दिवसांसाठी नवी नळी टाकावी लागली. या वेळच्या कार्डावर स्टिकर होता, त्याखाली लाल शाईत काढायची तारीख आणि एक मोबाइल नंबर. तरी मी दोन गजर लावले होते. पहिला वाजायच्या आधीच, सकाळी पावणेआठला, आत्याचा फोन वाजला. पलीकडून एक सिस्टर म्हणत होती, ‘आजी, आज नळी काढायचीय, विसरला नाहीत ना?’

आत्याने फोनवर हात ठेवून मला विचारलं, ‘हिला काय सांगू रे, येतो म्हणून?’